‘आतलं सगळं उलटं’ याचं कारण मला अकरा दिवसांनी सापडलं

कॅल्क्युलस शिकायचंच, असं ठरवून मी आधी फंक्शन (एक संख्या आत घातली की ठरलेली एकच संख्या बाहेर देणारा नियम) आणि आलेखांची उजळणी काढली. खूप वर्षांनी वही उघडत होते, तरी आठवडाभरात उरकेल असा अंदाज होता. फंक्शनची व्याख्या, उभ्या रेषेची चाचणी, सरळ रेषेचा चढ, पॅराबोला हे सगळं तीन संध्याकाळींत झालं. पुढचे अकरा दिवस मी एकाच जागी अडले होते: आलेख डावी-उजवीकडे सरकवणं.

माझ्या पुस्तकात एका चौकटीत नियम दिला होता. कंसाच्या आत अधिक असेल तर आलेख डावीकडे, उणे असेल तर उजवीकडे. आतलं सगळं उलटं असतं, लक्षात ठेवा. एवढंच. उलटं का, यावर अर्धी ओळसुद्धा नाही. शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त जिथे अडतं तिथेच ‘लक्षात ठेवा’ म्हणून पुढे जायचं, याचा मला आजही राग येतो. व्हिडिओ पाहिले, तर तिथेही तेच वाक्य.

नियम पाठ केला आणि साधी गणितं सुटलीही. (क्ष − ३)² उजवीकडे तीन, (क्ष + ५)² डावीकडे पाच. मग पुढचं गणित आलं: √क्ष च्या आलेखावरून √(२क्ष + ६) चा आलेख काढा. नियमाप्रमाणे मी आडवं अंतर निम्मं केलं, कारण आत २ आहे, आणि मग सहा घरं डावीकडे गेले. माझा आलेख −६ पासून सुरू झाला. पुस्तकाचा −३ पासून. मी तो चार-पाच वेळा पुन्हा काढला, दर वेळी −६. शेवटी पुस्तकात छापण्याची चूक असेल असं धरून पुढे गेले. पण तसलंच पुढचं गणितही चुकलं, तेव्हा मागे येणं भाग पडलं.

सुटका झाली ती साध्या तक्त्यामुळे. माझ्या चुकीच्या आलेखावर (−४, २) हा बिंदू होता. क्ष = −४ ठेवून पाहिलं: २ × (−४) + ६ = −२. म्हणजे −२ चं वर्गमूळ! जिथे हे फंक्शन अस्तित्वातच नाही तिथे मी ठळक वक्र काढून ठेवला होता.

मग प्रश्न फिरवून विचारला. √क्ष चा आलेख जिथे सुरू होतो तिथे वर्गमूळाच्या आत ० असतो. नव्या फंक्शनमध्ये आत ० यायला क्ष किती हवा? २क्ष + ६ = ०, म्हणून क्ष = −३. आत ४ यायला? क्ष = −१. आत ९ यायला? क्ष = १.५. बिंदू मिळाले (−३, ०), (−१, २), (१.५, ३). वक्र नेमका पुस्तकातल्यासारखा आला. तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी आणखी आठ आलेख काढले.

कंसाच्या आत जे लिहिलेलं असतं ते फंक्शनच्या पोटात शिरण्याआधी क्ष वर घडतं. फंक्शनला तेच ० किंवा तेच ४ मिळायला हवेत, तर आपल्याला उलट हिशेब करून क्ष शोधावा लागतो: आधी ६ वजा, मग २ ने भाग. म्हणून दिशा उलटी, आणि क्रमही उलटा. आधी सहा घरं डावीकडे, मग अंतर निम्मं. आधी निम्मं करायचं असेल तर २(क्ष + ३) असं लिहून तीनच घरं सरकायचं. कंसाबाहेरचं मात्र उत्तर हातात आल्यावर घडतं, म्हणून २√क्ष + ६ मध्ये आधी उंची दुप्पट, मग सहा वर, जसं दिसतं तसं.

हे कळल्यावर इन्व्हर्स फंक्शनला, म्हणजे उत्तरावरून मूळ क्ष परत देणाऱ्या फंक्शनला, फारसा वेळ लागला नाही, कारण तिथेही उलट हिशेबच आहे आणि आलेख य = क्ष या रेषेत आरशासारखा उलटतो. फक्त क्ष² चा इन्व्हर्स घेताना डोमेन (क्ष च्या चालणाऱ्या किमती) ० आणि त्यापुढे असं आधी बांधून घ्या, नाहीतर ९ साठी ३ घ्यायचा की −३ हे ठरतच नाही.

डोमेनवरून आठवलं, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. कोणतंही फंक्शन सोपं करण्याआधी डोमेन लिहून ठेवा. (क्ष² − ४)/(क्ष − २) सोपं केलं की क्ष + २ उरतं आणि रेषा अखंड दिसते, पण (२, ४) ला छिद्र आहे. कॅल्क्युलसमधल्या लिमिटच्या पहिल्याच गणितांत हेच छिद्र पुन्हा भेटलं.

आलेख काढणारं ॲप पहिले काही दिवस उघडू नका. क्ष, क्ष², क्ष³, √क्ष, |क्ष|, १/क्ष, २ˣ आणि लॉग हे आठ आलेख कागदावर हाताने, प्रत्येकी निदान तीन बिंदू मांडून काढा. ॲप फक्त पडताळ्यासाठी. ते उघडाल तेव्हा कोन अंशांत नाही तर रेडियन या एककात आहे ना तेवढं बघा. माझं अंशांवर होतं आणि साइनचा आलेख जवळजवळ आडव्या रेषेसारखा दिसत होता. त्यात एक अख्खी दुपार गेली. रेडियन केल्यावर साइन(२क्ष + π) चा आलेख आधी कागदावर काढला, π नव्हे तर π/२ इतका डावीकडे सरकवून, आणि मग ॲपमध्ये पाहिला. दोन्ही तंतोतंत जुळले.