सायकल गेटापाशी होती तोवर

2017 च्या डिसेंबरात पुणे विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा मी कोथरूडहून बसने मेन गेटला उतरायचे आणि डिपार्टमेंटपर्यंत वीस मिनिटं पायपीट करायचे. आवार चारशे एकरांहून मोठं. झाडी सुंदर आहे, पण दहाची मीटिंग असली की झाडी कोण बघतंय! गेटातून आत शिरलं की पाच-सहा सायकली उभ्या असायच्या. मोबाइलने कोड स्कॅन केला की कुलूप खट्कन उघडायचं. अर्ध्या तासाला एक रुपया. डबा बास्केटमध्ये टाकायचा, ओढणीची कमरेला गाठ मारायची की निघाले.

व्यायामासाठी का, पर्यावरणासाठी का, असं लोक कौतुकाने विचारायचे. खरं सांगायचं तर यातलं काहीच डोक्यात नसायचं. समोर दिसली म्हणून घेतली. एकाचे पाच रुपये झाले असते तरी घेतली असती. पण तीच सायकल दोनशे पावलं आडवाटेला असली, की मी गुपचूप चालत जायचे. पॅरिसमध्ये 2007 साली वेलिब ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली तेव्हा साधारण दर 300 मीटरवर एक स्टँड होता. पहिला अर्धा तास फुकटही होता, पण मला विचाराल तर लोकांना ओढलं त्या 300 मीटरांनी.

सकाळी सायकल मिळाली म्हणून भागत नाही. संध्याकाळी साडेपाचला बाहेर यावं तर एकही नाही. असं लागोपाठ दोनदा झालं, की तिसऱ्या दिवशी ॲप उघडायचा हात आपोआप मागे येतो. शिवाय चढ! विद्यापीठ आहे त्या गणेशखिंडीच्या नावातच खिंड आहे. औंधकडे उतारावर सायकल सोडायला मजा यायची, परत येताना मी निमूट रिक्षाला हात करायचे. सगळेच तसं करत असणार. मग सायकली उताराच्या पायथ्याशी गोळा होतात आणि वर शुकशुकाट. पॅरिसवाल्यांनाही हाच त्रास झाला. त्यांनी उंचावरच्या काही स्टँडांवर सायकल नेऊन ठेवणाऱ्याला 15 मिनिटं जादा फुकट द्यायला सुरुवात केली. आमिष बारीक, पण डोकं लावलेलं.

आणि ती सीट. माझी उंची पाच फूट. आधी बसून गेलेला बहुतेक सहाफुटी. सीटखालचा खटका गंजून इतका घट्ट, की एकदा माझं नखच तुटलं. त्या दिवशी पाय जेमतेम पेडलला टेकवत, डुगडुगत मी डिपार्टमेंट गाठलं. वॉचमनमामा म्हणाले, "मॅडम, चालत लवकर आला असता."

पुढे त्या सायकली हळूहळू दिसेनाशा झाल्या.

आई हसली होती, "ॲप लागतं होय आता तासावरच्या सायकलीला?" लहानपणी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं. तासाला आठ आणे. वहीत नाव, घेतल्याची वेळ, बास. अनामत म्हणाल तर एवढीच, की दुकानवाले काका बाबांना ओळखायचे. मी दिसले की ते पाना घेऊन न सांगता सीट खाली करायचे. रविवारी उशीर झाला तर आतून हाक यायची, "ये गं, तुझी लाल ठेवलीय बाजूला."