हेडलाइटवरचे खडीचे टवके

आज धुवून पुसलेल्या एका गाडीचा हेडलाइट उन्हात तिरका पाहिला. काचेवर मोहरीएवढे पांढरे टवके, बंपरच्या बाजूला जास्त. आपण काच म्हणतो, पण ते पॉलीकार्बोनेट, म्हणजे एक कणखर प्लास्टिक असतं. खडी लागल्यावर ते सहसा फुटत नाही, वरचं कडक कोटिंग मात्र उडतं आणि तिथूनच पिवळेपणा सुरू होतो. चीर आत गेली की दिव्यात बाष्प धरतं.

उपाय म्हणजे पारदर्शक टीपीयू (लवचीक प्लास्टिक) फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची. काळी किंवा धुरकट अजिबात नको, रात्रीचा उजेड जातो. दिव्यापुढे लावायची जाळीही उजेड खातेच.

लावताना खरी मेहनत साफसफाईची. शाम्पूने धुवा, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण राहिलं तर कडा सुटणारच. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून ते काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर भरपूर फवारा. स्क्वीजी, म्हणजे पाणी काढायची रबरी पट्टी, मधून कडेकडे ओढा. वळणावर हीट गनची (गरम हवेच्या यंत्राची) ऊब हलकी, सतत हलती ठेवा. एका जागी धरली तर फिल्म कायमची ताणली जाते. कड एक-दोन मिलिमीटर आत कापा. ब्लेड लेन्सवर, म्हणजे त्या काचेवर, टेकवू नका, त्याचा ओरखडा खडीपेक्षा वाईट!

दोन दिवस गाडी धुऊ नका. आणि पिवळ्या पडलेल्या लेन्सवर तशीच फिल्म लावू नका, आधी पॉलिश. घाटात डंपरच्या मागे मात्र अंतर ठेवाच.