बुडत्या गांजा कंपनीत शेअर घ्यावा की कन्व्हर्टिबल?

वरुड-मोर्शीपासून वणी-पुसदपर्यंत आता बरीच घरं अशी आहेत की पोरगा ब्रॅम्प्टनला नाहीतर टोरंटोला, आणि त्याच्या हातातले चार पैसे कुठे लावायचे याची चर्चा रात्री व्हिडिओ कॉलवर इकडच्या ओसरीत. त्यात कधीतरी हा प्रश्न येतोच: गांजाच्या कंपनीचा शेअर तीस सेंटवर आलाय, आणि तिचाच कन्व्हर्टिबल डिबेंचर शंभराचा पंचेचाळीसला मिळतोय, काय घेऊ? इकडे गांजा म्हटलं की तुरीच्या तासात लपवलेली झाडं आणि पोलिसांची गाडी डोळ्यापुढे येते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात 20 किलो ही व्यापारी मात्रा धरली आहे, आणि तिथून पुढे किमान दहा वर्षांची सजा. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून तोच माल दुकानात बिलासकट मिळतो. पण धंदा कायदेशीर झाला म्हणून तो फायद्याचा झाला, असं काही नाही.

शेअर म्हणजे सगळ्यांचं देणं भागल्यावर जे उरेल त्यातला वाटा. कन्व्हर्टिबल डिबेंचर म्हणजे आधी कर्ज: ठरलेलं व्याज, ठरलेली मुदत, मुदतीला मुद्दल परत. वर एक जादा हक्क, की मुद्दलाच्या बदल्यात ठरलेल्या भावाने शेअर घेता येतात. दलाल हे 'पडलं तर कर्ज, चढलं तर शेअर' असं सांगून विकतात. धडधाकट कंपनीत ते बऱ्यापैकी खरंही असतं. आजारी कंपनीत मात्र रूपांतराच्या हक्काची किंमत शून्य धरावी आणि नुसतं कर्ज म्हणून तो भाव परवडतो का, एवढंच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला आधार आहे. टिलरे या कॅनेडियन गांजा कंपनीने ऑक्टोबर 2018 मध्ये 5 टक्के व्याजाच्या कन्व्हर्टिबल नोटा (डिबेंचरसारखाच कर्जाचा कागद) काढल्या तेव्हा रूपांतराचा भाव होता 167.41 डॉलर. महिनाभर आधीच, 19 सप्टेंबरला, हा शेअर दिवसभरात 300 डॉलरला शिवून आला होता, म्हणून तो भाव तेव्हा कुणाला वेडगळ वाटला नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुदत भरली तेव्हा शेअर दोन-तीन डॉलरच्या आसपास होता. रूपांतराचा हक्क कागदावर राहिला; ज्याने नोट शेवटपर्यंत धरली त्याला कामी आलं ते मुद्दल. कॅनोपी ग्रोथ या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीचंही तेच: 2018 च्या 60 कोटी कॅनेडियन डॉलरच्या नोटांचा रूपांतर भाव 48.18, मधल्या काळात शेअर त्याच्या वर गेलाही, पण 2023 मध्ये मुदत भरली तेव्हा तो त्याच्या आसपासही नव्हता.

आता ही कंपन्यांची जात आजारी का पडते ते आधी समजून घ्या, कारण ताळेबंद वाचताना तेच नडतं. कॅनडातल्या बऱ्याच कंपन्या आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय पद्धतीने हिशेब लिहितात, आणि त्यात उभ्या पिकाची वाढती किंमत नफ्यात धरली जाते. म्हणजे पऱ्हाटी बोंडावर असतानाच चुकारा मिळाला म्हणून वहीत लिहून टाकायचा. पुढे माल विकला नाही किंवा भाव पडला की तीच रक्कम 'इन्व्हेंटरी राइट-डाउन' म्हणून बाहेर निघते. म्हणून नफा-तोट्याचं पान बाजूला ठेवून सरळ रोकड प्रवाहाच्या पानावर जा आणि 'ऑपरेटिंग अॅक्टिव्हिटीज' ची ओळ मागच्या चार तिमाह्यांची बघा. तिथे उभं पीक मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क. कॅनडात सुक्या फुलावर ग्रॅममागे 1 डॉलर किंवा किमतीच्या 10 टक्के, यात जे जास्त असेल ते लागतं. घाऊक भाव तीन डॉलर धरला तर तिसरा हिस्सा तिथेच गेला. हा कर भरला नाही की तो थकबाकी म्हणून साचतो आणि वाटणीच्या वेळी तुमच्या शेजारी येऊन बसतो. अमेरिकेत नड वेगळी आहे. तिथे केंद्राच्या कायद्यात हा माल बेकायदाच राहिल्याने आयकराचं कलम 280ई लागायचं: मालाची किंमत वजा करता येते, दुकानभाडं आणि पगार नाही. विक्री 100, माल 55, भाडं-पगार 40 असेल तर खरा नफा 5, पण 21 टक्के कर 45 वर, म्हणजे 9.45. नफ्यातलं दुकान 4.45 ने तोट्यात. हे कलम केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतल्या शेड्यूल एक आणि दोनमधल्या पदार्थांपुरतं आहे, म्हणून गांजा शेड्यूल तीनमध्ये जाणार अशी नुसती बातमी आली तरी शेअर उसळतो. पण मागच्या वर्षांचा न भरलेला कर त्या बातमीने पुसला जात नाही. टिपांमध्ये 'अनसर्टन टॅक्स पोझिशन' या नावाखाली तो सापडेल, आणि त्याचा आकडा कधीकधी कंपनीच्या बाजारभावाइतका असतो.

आता हिशेब. समजा एक कंपनी आहे. रोकड 1.8 कोटी डॉलर, व्याज धरून तिमाहीला 60 लाख जळतात. म्हणजे तीन तिमाह्यांचा जीव. तारणी कर्ज 4 कोटी. विनातारण कन्व्हर्टिबल 6 कोटी, व्याज 8 टक्के, मुदत दीड वर्ष, रूपांतर भाव दीड डॉलर. एक्साइजची थकबाकी 1.2 कोटी, पुरवठादारांचं देणं 80 लाख. शेअर 20 कोटी, भाव 30 सेंट.

आधी रूपांतर तपासा. 1000 डॉलरच्या डिबेंचरचे 1000 भागिले 1.50, म्हणजे 666 शेअर, आजच्या भावाने 200 डॉलर. तुम्ही देताय 450. शेअर साडेसदुसष्ट सेंटवर जाईल तेव्हा कुठे रूपांतरातून खरेदी निघते, म्हणजे सव्वादोन पट. हक्क शून्य धरा म्हणतो ते यासाठी.

मग मोडीचा हिशेब. ग्रीनहाऊस, साठा, येणी, परवाने आणि उरलेली रोकड मिळून 6 कोटी हाती आले असं धरू. ताळेबंदातली किंमत इथे कामाची नाही. ग्रीनहाऊस दुसऱ्या कामाला सहज वळत नाही, आणि घेणारे सगळे त्याच धंद्यातले, त्याच कडकीत. कोर्टाने नेमलेला मॉनिटर आणि वकील यांचे 50 लाख आधी जातात. पगारातून कापून सरकारला न भरलेला कर असेल तर तो तारणी कर्जाच्याही पुढे, तो इथे नाही असं समजू. राहिले साडेपाच कोटी. तारणवाला 4 कोटी उचलतो. उरलेल्या दीड कोटीवर हक्कदार: डिबेंचर 6, एक्साइज 1.2, पुरवठादार 0.8, एकूण 8 कोटी. शंभराला 18.75. शेअरवाल्याला शून्य.

कंपनी तरली आणि मुदतीला पूर्ण पैसे दिले तर डिबेंचरवाल्याला 100 अधिक दीड वर्षाचं व्याज 12, एकूण 112. शेअर तेव्हा 70 सेंट झाला असं धरू. पण प्रत्यक्षात जास्त वेळा मधलाच मार्ग निघतो, म्हणजे तडजोड: अर्ध्या मुद्दलाचे शेअर 20 सेंट भावाने, उरलेल्याची मुदत तीन वर्षं पुढे. 3 कोटीचे 15 कोटी नवे शेअर निघतात, जुन्या शेअरवाल्यांचा वाटा शंभरावरून 57 टक्क्यांवर येतो आणि भाव पडून 15 सेंट होतो. डिबेंचरवाल्याला शंभरामागे 250 शेअर, म्हणजे 37.50, आणि पन्नासची नवी नोट बाजारात 60 टक्के भावाने 30. एकूण 67.50.

शक्यता 25 टक्के पूर्ण फेड, 40 टक्के तडजोड, 35 टक्के मोड अशा धरल्या तर डिबेंचरची सरासरी किंमत साडेएकसष्ट, शेअरची साडेतेवीस सेंट. 45 ला डिबेंचर घेण्यासारखा, 30 ला शेअर नाही. आता मोडीची शक्यता 55, तडजोड 35, पूर्ण फेड 10 करून बघा: डिबेंचर जवळपास 45 वर येतो, म्हणजे जोखमीचा मोबदला काहीच नाही. हे आकडे तुमच्या कंपनीचे टाकून करा. सगळा निकाल मोडीच्या शक्यतेवर आणि तारणवाला किती उचलतो यावर ठरतो. तारणी कर्ज 4 च्या जागी 5.5 कोटी असतं तर मोडीत डिबेंचरवाल्याच्या हातीही भोपळाच.

म्हणून कराराचा कागद, ज्याला इंडेंचर म्हणतात, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅनडातल्या कंपन्यांचे कागद सेडार प्लसवर फुकट मिळतात, अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपन्यांचे एडगरवर. पहिलं बघायचं ते 'सबऑर्डिनेटेड', म्हणजे मागच्या रांगेतलं, हा शब्द. तो असेल तर आजचं तारणी कर्जच काय, उद्या घेतलेलं कर्जही तुमच्या पुढे जाईल. नवीन कर्जावर मर्यादा घालणारं कलम आहे का ते शोधा. बहुतेक कन्व्हर्टिबलमध्ये ते ढिलं असतं. दुसरं, व्याज रोखीने की शेअरमध्ये. कंपनीला शेअर देऊन व्याज भागवायची मुभा असेल तर तुमचं 8 टक्के व्याज म्हणजे पडत्या भावाचे कागद. तिसरं, बदल कोण करू शकतो. कॅनेडियन इंडेंचरमध्ये साधारण मुद्दलाच्या दोन तृतीयांश मतांनी मुदतवाढ, व्याजकपात, रूपांतराचा नवा भाव, सगळं मंजूर होतं आणि विरोध केलेल्यालाही ते बांधून ठेवतं. पाच-दहा हजार डॉलरवाल्याने आपण कोणाच्या मागे फरफटणार आहोत ते आधी बघावं: मोठे धारक कोण, त्यांच्याकडे तारणी कर्जही आहे का. दोन्हीकडे तोच माणूस असेल तर तडजोड त्याच्या सोयीची होते.

शेअरवाल्याची फरफट आणखी वेगळी. अरोरा या कॅनेडियन गांजा कंपनीने जानेवारी 2019 मध्ये 34.5 कोटी अमेरिकन डॉलरच्या साडेपाच टक्क्यांच्या नोटा काढल्या होत्या, आणि फेब्रुवारी 2024 पर्यंत त्या मिटल्या. पैसा आला कुठून? बराचसा बाजारात नवेनवे शेअर विकून. त्या दरम्यान मे 2020 मध्ये 12 शेअरचा एक आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 10 चा एक झाला. सुरुवातीला 1200 शेअर असलेल्याच्या खात्यात 10 उरले. कर्जवाल्याचं मुद्दल शेअरवाल्याच्या खिशातून परत गेलं, एवढा साधा तो व्यवहार.

तरी कर्ज म्हणजे पक्कं, असंही समजू नका. मेडमेन या अमेरिकेतल्या गांजा कंपनीच्या कन्व्हर्टिबल नोटा तारणी होत्या. टिलरेने ऑगस्ट 2021 मध्ये त्यातल्या सुमारे 16.58 कोटी डॉलरच्या नोटांमध्ये हिस्सा घेतला, कायदा बदलला की कंपनी आपल्या हाती येईल या हिशेबाने. एप्रिल 2024 मध्ये मेडमेन कॅनडात दिवाळखोरीत गेली, कॅलिफोर्नियात रिसीव्हर, म्हणजे कोर्टाने नेमलेला ताबेदार, बसला. अमेरिकेत गांजाला हात लावणाऱ्या कंपनीला केंद्राच्या दिवाळखोरी कोर्टाचं दार बंद, त्यामुळे राज्याच्या रिसीव्हरशिपवर भागवावं लागतं. आणि बोजा चढवला म्हणून परवाना जप्त करून विकता येत नाही, राज्याच्या नियामकाची मंजुरी लागते. कॅनडात सीसीएए या कर्जबाजारी कंपनी सावरायच्या कायद्याखाली, 50 लाख डॉलरच्या वर देणं असेल तर, कंपनी वाचवत विकता येते. तिथेही परवाना नुसता दुसऱ्याच्या नावे होत नाही, म्हणून अख्खी कंपनीच नव्या मालकाला देऊन जुनं देणं वेगळ्या पोकळ कंपनीत काढतात. तुमचा डिबेंचर त्या पोकळ कंपनीत गेला की खेळ संपला.

खरेदी करताना मर्यादा भावाचीच ऑर्डर टाका. अशा डिबेंचरमध्ये घेणारा 40 आणि विकणारा 48 म्हणत बसलेला असतो. बाजारभावाने ऑर्डर टाकली की शंभरामागे आठ डॉलर तिथेच गेले. भाव व्याज सोडून सांगितला जातो, साचलेलं व्याज वर द्यावं लागतं.

हे सगळं कॅनडात राहणाऱ्या पोरासाठी. इथे राहून घेणाऱ्याला रस्ता अरुंद आहे. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण ऑगस्ट 2022 च्या परकीय गुंतवणूक नियमांनुसार लिस्टिंग नसलेले कर्जरोखे घेता येत नाहीत. मोठ्या कन्व्हर्टिबल नोटा बहुतेक खासगीत, संस्थांना विकलेल्या असतात, म्हणजे त्या बाद. राहिले एक्स्चेंजवर लिस्ट झालेले थोडे डिबेंचर आणि शेअर. उसने पैसे घेऊन मार्जिनवर तर अजिबात चालत नाही. वर्षाला 10 लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, आणि त्यात आपलं एप्रिल-मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब असतो. दोन शेअर असले तरी.

आणि कंपनी मोडीत चालली असं दिसलं तर शेअर डीलिस्ट व्हायच्या आत विका, दोन सेंट मिळाले तरी. विक्री झाली तर तोटा दाखवता येतो आणि रिटर्न वेळेत भरला असेल तर पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वळता करता येतो. खात्यात नुसता पडून राहिलेला मेलेला शेअर तोट्यात धरायला विक्रीचा व्यवहार नसतो, आणि डीलिस्ट झाल्यावर ब्रोकर तो विकूही देत नाही.