तुम्ही विचारलंत म्हणून: फोकसर घरी कशाला बनवता?

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपाशी कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, फोकसर तयार मिळतो की. तुम्ही लेथवर कशाला बनवत बसता?" मागे रांग खोळंबलेली असते, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. आज सगळं सांगते.

आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, धरून पुढे-मागे सरकवणारी नळी म्हणजे फोकसर. हौशी लोक सहा इंची आरसा महिनोन् महिने घासतात, पॉलिश करतात, तपासतात आणि शेवटी त्या दुर्बिणीला डुगडुगणारा स्वस्त फोकसर लावतात. मला ते बघवत नाही. आरसा एफ/८ असेल, म्हणजे फोकसचं अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट, तर फोकसच्या बिंदूपासून अलीकडे-पलीकडे साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी सूट असते. एफ/६ ला तेवढीही नाही, ०.०४ वर आलो. स्वस्त फोकसरमध्ये दात्यांची पट्टी असते, तिच्यावर दातेरी चाक फिरतं. दात्यांमधला सैलपणा लपवायला आत जाड ग्रीस भरलेलं असतं. डिसेंबरच्या रात्री ते घट्ट होतं. नॉब उलटा फिरवला की आधी थोडा नुसताच फिरतो, मग नळी एकदम उडी मारते आणि गुरू चौकटीबाहेर.

मी बनवते तो क्रेफर्ड पद्धतीचा. इंग्लंडमधल्या क्रेफर्डच्या हौशी खगोल मंडळातले जॉन वॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला आणि पेटंट न घेता सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. यात दाते नाहीतच. नळी चार छोट्या बेअरिंगवर टेकते, दोन पुढे आणि दोन मागे, इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेत ठेवल्यासारखी. समोरून स्पिंडल, म्हणजे नॉबने फिरणारा बारीक दांडा, तिला दाबून धरतो. स्पिंडल टेकतो तिथे नळीवर सपाट पट्टा काढलेला असतो, म्हणून नळी स्वतःभोवती फिरत नाही. उरते ती एकच हालचाल, आत किंवा बाहेर. नळी बाहेरच्या भोकात चपखल बसवायची गरजच नाही, चारी बाजूंनी मोकळी जागा असली तरी चालतं. महागडी मशीन नसलेल्या माणसालाही जमेल असं हे डिझाइन आहे.

अवघड आहे ती नळी. दोन इंची आयपीसचा बाहेरचा व्यास ५०.८ मिलिमीटर. मी नळी आतून ५०.९ ला बोअर करते, म्हणजे कोरते. पहिली नळी केली तेव्हा लेथच्या चकात, म्हणजे तीन जबड्यांच्या (जॉच्या) पकडीत, घट्ट आवळली आणि बोअर केली. चकात असताना व्हर्निअर सगळीकडून सारखंच माप दाखवत होता. जॉब सोडला आणि आयपीस आत जाईना. पातळ ॲल्युमिनियम जॉच्या दाबाने तीन ठिकाणी आत दबलं होतं. त्या दबलेल्या अवस्थेतच मी ते गोल कापलं, आणि दाब सुटल्यावर नळी पसरून तिकोनी झाली. आता एका बाजूने चिरलेलं जाड कडं बनवून नळी त्यात धरते, म्हणजे दाब सगळीकडून सारखा बसतो. शेवटचे दोन कट अगदी हलके.

सपाट पट्टाही तसाच चिवट. तो नळीच्या अक्षाला समांतर नसेल तर एका टोकाला नॉब जड लागतो आणि दुसऱ्या टोकाला घसरतो. मी कानस मारते, उंचवटे दिसावेत म्हणून निळा रंग लावून बघते, पुन्हा कानस मारते. दोन संध्याकाळी त्यात जातात आणि त्या मला जड वाटत नाहीत. नळीच्या आत मात्र बारीक आटे पाडून मॅट काळा रंग द्यायचा, नाहीतर चंद्राचा उजेड आतल्या भिंतीवरून घसरत थेट डोळ्यात येतो.

स्पिंडल ६ मिलिमीटरचा. त्याच्या एका फेऱ्यात नळी जवळपास १९ मिलिमीटर सरकते. नॉब ४० मिलिमीटरचा ठेवला तर कड अर्धा मिलिमीटर हलली की सूट संपली. म्हणून माझे नॉब मोठे असतात आणि त्यांवर चांगलं खरखरीत नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी पाडलेली नक्षी, असतं. मोजे घातलेल्या हातालाही ते कळलं पाहिजे.

कारण नॉब शेवटी लोकांच्या हातात असतो. प्रत्येकाचा डोळा वेगळा. चाळीस मुलं आली तर चाळीस वेळा फोकस बदलतो. चष्मा काढून बघणारी एखादी मुलगी स्वतः नॉब फिरवते, गुरूचा धूसर गोळा आवळत जातो आणि शेजारी एका रेषेत त्याच्या चंद्रांचे चार ठिपके उमटतात. "दिसले!" हे तिने ओरडायच्या आधी तिची बोटं थांबलेली असतात. त्या क्षणी नळी हलता कामा नये. माझं उत्तर एवढंच आहे.

पुढच्या वेळी दुर्बिणीशी आलात की नॉब किंचित पुढे आणि लगेच मागे फिरवा. चित्र जागच्या जागी राहिलं पाहिजे. हललं किंवा नॉब नुसताच फिरला, तर तिथेच सांगा. स्पिंडलचा स्क्रू आवळायची ॲलन की माझ्या खिशात असते.