पार्किंगमधला एक सॉकेट

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन पत्रे वाचनात आली. पहिले येथील, नॉर्वेतल्या स्टावांगरमधील आमच्या इमारतीच्या व्यवस्थापन मंडळाचे होते. तळघरातील माझ्या पार्किंगच्या जागेवर विजेच्या गाडीसाठी चार्जर बसवण्यास हरकत नाही, काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे आणि चार्जर इमारतीच्या भारनियंत्रण यंत्रणेला जोडावा, एवढाच त्यातील मजकूर. दुसरे पत्र साताऱ्याहून दादाने फोटो काढून पाठवले होते. त्याच्या सोसायटीने कळवले होते की, आपला अर्ज सभेपुढे ठेवण्यात आला, तथापि सर्व सभासदांच्या सुरक्षिततेचा विचार करता मंजुरी देता येत नाही. दादाने विजेच्या गाडीसाठी मागितला होता पंधरा अँपिअरचा एक सॉकेट, तोही स्वतःच्या मीटरवरून आणि स्वतःच्या खर्चाने.

आमच्या मंडळाचा उदारपणा पाहून मी मंडळावर असलेल्या शेजारच्या बाईंचे आभार मानायला गेलो, तेव्हा त्यांना हसू आवरेना. नकार देणे आमच्या हातातच नाही, असे त्यांनी सांगितले. मालकीच्या सदनिकांसाठी 2018 पासून येथे असा कायदा आहे की, रहिवाशाने स्वतःच्या पार्किंगच्या जागेवर चार्जर मागितला, तर मंडळाला ठोस आणि पटण्याजोगे कारण दाखवल्याशिवाय तो नाकारता येत नाही, आणि 'उद्या सगळेच मागतील' हे कारण त्यात बसत नाही. सगळ्यांनी मागावा, हाच तर कायद्याचा हेतू आहे. माझी कृतज्ञता तिथल्या तिथे ओसरली आणि तिच्या जागी साताऱ्याविषयीचा राग आला, जो अजून पुरता गेलेला नाही.

नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के विजेच्या होत्या, हा आकडा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येऊन गेला आहे. त्यामागची करमाफी, टोलची सवलत, बसच्या मार्गिकेतून गाडी नेण्याची मुभा, हेही गाडीवेड्या वाचकांना ठाऊक असेल. मात्र करात आपणही मागे नाही. विजेच्या मोटारीवर आपल्याकडे 5 टक्के जीएसटी आहे. दादाची गाडी अडली ती शोरूममध्ये नाही, ती अडली घरच्या खांबापाशी.

हा सॉकेट म्हणजे काय, याचा हिशेब सभेत कुणीही मांडला नाही, म्हणून येथे मांडतो. 230 व्होल्ट आणि पंधरा अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॉटच्या आत, अंघोळीच्या गिझरपेक्षा थोडे अधिक. रात्री दहा वाजता गाडी लावली, तर सकाळी आठपर्यंत तीसेक युनिट भरतात आणि तेवढ्यात साताऱ्याहून पुण्याला जाऊन परत येण्याइतकी वीज जवळजवळ होते. त्या इमारतीतले सगळे गिझर सकाळी सहा ते सात या वेळेत एकदम चालू होतात, त्याची कुणाला धास्ती नाही. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना एक गाडी संथपणे वीज घेणार, त्याची मात्र आहे. पुढेमागे दहा-पंधरा गाड्या आल्या, तर प्रश्न जरूर येईल, पण त्याचे उत्तर आमच्या तळघरात भिंतीवर टांगलेले आहे. इमारतीचा एकूण भार मोजून उरलेली वीज गाड्यांमध्ये वाटून देणारी ती एक पेटी आहे. संध्याकाळी लोक स्वयंपाकाला लागले की ती गाड्यांचा प्रवाह आपोआप कमी करते आणि रात्री पुन्हा वाढवते. यात कुठलीही जादू नाही. सातारच्या कोणत्याही बऱ्या वायरमनला हे एका दुपारी समजेल.

आता आगीविषयी. सोसायटीची भीती निव्वळ अडाणीपणाची आहे, असे मी म्हणणार नाही, कारण 2022 मध्ये विजेच्या स्कूटर पेटल्याच्या चित्रफिती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि मोठी बॅटरी एकदा पेटली की विझवायला अवघड असते, हेही खरे आहे. पण आमच्याच गावच्या विमानतळाचे वाहनतळ 2020 च्या जानेवारीत जळाले, शेकडो गाड्या गेल्या, आणि ज्याने त्याने त्याच रात्री विजेच्या गाड्यांकडे बोट दाखवले. चौकशीत आगीची सुरुवात एका जुन्या डिझेल गाडीत झाल्याचे निघाले. खरा धोका असतो तो नाकारलेल्या सॉकेटचा. सरळ मार्ग बंद झाला की माणूस गॅलरीतून एक्स्टेन्शनची पातळ वायर खाली सोडतो, ती रात्रभर तापते, आणि मग जे व्हायचे ते होते.

इतके लिहूनही नॉर्वेची आरती ओवाळण्याची माझी इच्छा नाही. या देशाला गाडी बदलताना गमवायचे काय होते? येथे मोटारी बनतच नव्हत्या म्हटले तरी चालेल. थिंक नावाची विजेची छोटी गाडी बनवणारी एक कंपनी होती, तीही 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे मात्र कोल्हापूरच्या फाउंड्र्यांपासून सातारा-पुण्याच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत किती घरे सिलिंडर ब्लॉक, पिस्टन आणि गिअरवर चालतात, हे मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही. बाबांनी इंजिनाच्या कारखान्यात उमेद घालवली. रस्त्यावरून ट्रक गेला की जेवता जेवता ते त्याचा नॉझल बिघडल्याचे सांगत आणि ते बहुधा बरोबर निघे. विजेच्या मोटरमध्ये नॉझल नाही, टॅपेट नाही, क्लचप्लेट नाही. ही कामे जातील तेव्हा त्या माणसांनी काय करायचे, याचे उत्तर येथे कुणाला द्यावे लागले नाही, म्हणून 89 टक्क्यांचे कौतुक मी थोडे हात राखूनच करतो. शिवाय रेवा ही विजेची छोटी मोटार बंगळूरमध्ये 2001 सालीच आली होती आणि पुढे लंडनच्या रस्त्यांवर जी-विझ या नावाने फिरली, हे येथे कुणी 'भारतात विजेच्या गाड्या आहेत का?' असे विचारले की मी जरा मोठ्या आवाजात सांगतो.

पाण्यापासून होणाऱ्या विजेचा अभिमान येथील लोकांना फार आहे, तो रास्तही आहे. पण कोयनेच्या जिल्ह्यातल्या माणसाने त्यापुढे मान का खाली घालावी? उलट कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाचा तळ फोडून 1999 मध्ये पाणी बोगद्यात घेतले, ते लेक टॅपिंगचे तंत्र याच नॉर्वेत वाढलेले आहे. ते आपण डोंगराखाली पेलले आणि पार्किंगच्या खांबावरील सॉकेट मात्र आपल्याला पेलवेना, ही गोष्ट मला सहन होत नाही.

कुणी विचारण्याआधी कबूल करून टाकतो की, माझा पगार समुद्रातील तेल काढणाऱ्यांना सेवा पुरवणाऱ्या धंद्यातून येतो. हा सबंध देशच तेल विकून स्वतः विजेवर फिरतो, तेव्हा एकट्या माझ्या नोकरीचा दोष तो किती, असे मी स्वतःला समजावतो. साताऱ्यातील घरामागे बाबांची डिझेल जीप झाकून ठेवली आहे, तीही विकणार नाही. वर्षातून दोनदा ती चालू करून यवतेश्वरापर्यंत नेण्याने कुणाचे फारसे नुकसान होत नसावे.

तरीही घाटाचा विषय निघाला की माझे मन पालटते. समुद्रसपाटीच्या 292 मीटर खाली जाणारा रिफिल्के बोगदा घराजवळच आहे आणि त्यात उतरताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरू लागते, तेव्हा मला हमखास पसरणीचा घाट आठवतो. दीड टनाची गाडी सहाशेएक मीटर खाली येताना सुमारे अडीच युनिट ऊर्जा सोडते. रस्त्याचे घर्षण, वारा आणि इतर घट धरूनही त्यातले बरेचसे परत मिळते. पाचगणीहून वाईला उतरताना हीच ऊर्जा आपण इतकी वर्षे ब्रेकच्या वासात घालवली. दादाने नेमका हाच अनुभव घेऊन गाडी घेतली होती. सध्या तो ती एका मित्राच्या दूधसंकलन केंद्रावर रात्री लावून ठेवतो आणि सकाळी चालत जाऊन आणतो.

पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा सभा आहे. दादाच्या सांगण्यावरून आमच्या मंडळाच्या पत्रातील तांत्रिक अटी मी मराठीत उतरवून पाठवल्या: वेगळी केबल, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच, परवानाधारकाचा दाखला, भारनियंत्रण. 'भारनियमन' असे चुकून लिहिले गेले होते. तो शब्द वाचून सभा तिथेच संपली असती, म्हणून दादाने तो आधी खोडायला लावला. रात्री त्याचा फोन आला. मसुदा चांगला झाला आहे, सचिवांना आवडेल, पण वरचे 'नॉर्वे' काढून मी 'पुण्यातील एका सोसायटीच्या धर्तीवर' असे लिहिले आहे, तुझी काही हरकत नाही ना, असे तो विचारत होता.