स्टिंक आधी नुसता वास होता

स्टिंक म्हटलं की आपलं नाक आपोआप मुरडतं, पण जुन्या इंग्रजीत हे क्रियापद बऱ्यावाईट कुठल्याही वासाला चालायचं, म्हणजे तेव्हा फुलं पण बिनधास्त स्टिंक करायची. स्टेंचचं (आताचा अर्थ दुर्गंधी) तेच, आधी सुगंध सुद्धा स्टेंचच. रीक (आता घाण वास मारणं) तर मुळात धूर, एडिनबराचं लाडाचं नाव ऑल्ड रीकी त्या धुरावरूनच पडलं. हळूहळू सगळे शब्द नासले.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, घाण हा शब्द आला संस्कृतातल्या घ्राणवरून, त्याचा अर्थ फक्त वास किंवा नाक. आणि "फ्रिजला वास येतोय" असं म्हटलं की चांगला का वाईट हे कोणी विचारत बसतं का, सरळ उठून मागे सरकलेली परवाच्या आमटीची वाटी शोधायची.

वापराचं म्हणाल तर स्टिंक नाम पण आहे आणि क्रियापद पण (स्टिंक, स्टँक, स्टंक), स्टेंच मात्र नुसतं नाम आणि जास्त जहाल, त्यामुळे "रूम इज स्टेंचिंग" वगैरे लिहू नका प्लीज. एखादा व्यवहार स्टिंक करतो तेव्हा आपण म्हणतो कुठेतरी पाणी मुरतंय, रेज अ स्टिंक म्हणजे बोंबाबोंब करणे, आणि स्टिंकिंग रिच माणसाला वासबीस काही येत नसतो, तो फक्त गडगंज असतो.

या शब्दाला इतिहासात पण मानाची जागा आहे बरं का. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स मैलापाण्याने इतकी सडली की त्याला ग्रेट स्टिंक असंच नाव पडलं, संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये) भिजवून टांगले तरी खासदारांना बसवेना, मग मात्र झटपट कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने अख्ख्या शहराचे ड्रेनेज बांधून काढले. मे महिन्यात पुण्यात भिडे पुलावरून टू-व्हीलरने जाताना मुठेचा जो भपकारा येतो ना त्याला मी तरी स्टेंचच म्हणेन, आणि निर्णय घेणाऱ्यांची एखादी मीटिंग तिथेच नदीपात्रात ठेवावी, पडदे न लावता.

बाकी सगळ्यालाच स्टिंक लावायची गरज नाही, पावसाळ्यात पंख्याखाली वाळवलेल्या जीन्सचा कुबट वास म्हणजे मस्टी, आणि चिवड्याचं तेल खवट झालं तर रँसिड.