"कोण ठरवतं?" – सर्व्हेतला माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यात एका कुटुंब आरोग्य सर्व्हेत मी मुलाखती घ्यायचं काम केलं, १५ ते ४९ वयाच्या बायकांच्या. ट्रेनिंगमध्ये सोपं वाटलेलं, टॅबवर प्रश्न येतो, वाचायचा आणि टिक करायचं. पण बाई एकटी सापडायलाच हवी ना! सासूबाई दारात, पोर मांडीवर, शेजारीण "काय विचारायल्यात गं?" म्हणत टेकलेली आणि त्यात आपण विचारणार की पाळणा लांबवायचं कोण ठरवतं, तुम्ही, मालक, का दोघं मिळून.

पहिला आठवडा जिथे जाईन तिथे उत्तर एकच, दोघं मिळून. मला बरं वाटायचं. मग एक ताई भेटल्या, ऑपरेशन झालेल्या, फॉर्म संपल्यावर सहज विचारलं की मालकांच्या नसबंदीचं कधी बोलणं निघालं होतं का, तर बघतच राहिल्या. "त्यांचं कशाला? त्यांना कामाला जायचं असतंय." २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतही हेच दिसतं, १५ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांत स्वतःच्या नसबंदीवर विसंबलेल्या ३७.९ टक्के, नवऱ्याच्या नसबंदीवर ०.३. म्हणजे "मिळून" ठरलं तरी पोटावर टाके तिच्याच.

त्यानंतर मी घाई सोडली. गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, सासूबाईंना बोलत ओट्यावर न्यायच्या, मी आत चुलीपाशी बसायचे, ते प्रश्न तिथेच विचारायचे.

अशीच एक चोवीस-पंचवीसची. काही वापरता का? हळूच म्हणाली, पाळणा लांबवायचं 'अंतरा' इंजेक्शन, तीन महिन्याला एक, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. घरात कुणाला माहीत नाही, कार्डसुद्धा आशाताईंकडे. कोण ठरवतं? "मीच." मी टॅबवर 'मुख्यतः स्वतः' टिक केलं. कागदावर अख्ख्या गावात हिच्याइतकी स्वतःच्या मनाने चालणारी कोणी नाही, आणि इथे बाहेर बांगडी वाजली तरी तिचा आवाज बसत होता. ती भीती कुठे लिहू? तिला रकानाच नव्हता. संध्याकाळी सुपरवायझर मॅडमना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण पर्याय ठरलेले, त्यातलाच एक निवडायचा.

तिचे चार-पाच प्रश्न राहिले होते तेवढ्यात सासूबाई आत आल्या. कोणी आलं की विषय बदलायचा हे आम्हाला शिकवलेलं, मी शब्द शोधतेय तोवर तीच मोठ्याने म्हणाली, "शेळ्या दोनच हायेत ताई, लिहिलं का?"